निरीक्षकसाहेबांच्या टांगेचं माप

निरीक्षकसाहेबांनी सायकल घ्यायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

हा माळा साध्या नजरेनं पाहण्याजोगा नव्हता. तिथे एक गिटार होती. तिच्या दोन तारा शिकताना तुटल्या होत्या आणि उरलेल्या चार शिकणं सोडल्यावर गंजल्या होत्या. एक दुर्बीण होती, तिच्यातून साहेबांनी चंद्र एकदा पाहिला आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पुष्कळदा. माशांची काचेची पेटी होती, तिच्यात आता जुनी वर्तमानपत्रं राहत. लाकूड कोरायची हत्यारं होती आणि त्या हत्यारांनी कोरलेला एक पक्षी होता. तो कुठल्या बाजूनं पक्षी आहे याबद्दल घरात आजवर एकमत झालेलं नाही. या प्रत्येक वस्तूचं घरात आगमन मोठ्या थाटात झालं होतं आणि प्रत्येकीला वर चढवायला साहेबांनी स्वतःच शिडी लावली होती.

"गिटारच्या डावीकडे थोडी जागा आहे," बाई म्हणाल्या. "तिथे बसेल का सायकल?"

साहेबांना हे लागलं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अठ्ठावीस वर्षं बाजारातले काटे, मापं, फूटपट्ट्या तपासून त्यांवर शिक्का मारत आले होते, आणि भल्याभल्या दुकानदारांना ते दिसले की काट्यावरचा हात आपोआप निघत असे. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्ध्या इमारतीची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची, आणि कधीकधी नकळत साहेबसुद्धा.

सायकलीचं वेड साहेबांना गॅलरीतून लागलं होतं. दर रविवारी सकाळी खालच्या रस्त्यावरून सायकलवाल्यांचा एक जथा जायचा. त्यांत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, साहेबांहून निदान दहा वर्षांनी मोठे. ते वीस किलोमीटरवरच्या धरणापर्यंत जाऊन परत यायचे, तेव्हा साहेबांचा दुसरा चहा चाललेला असायचा. तो चहा साहेबांना हल्ली गोड लागेनासा झाला होता.

"या वेळी मी खरंच करणार आहे," ते म्हणाले.

"लिहून द्या," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेशी संसार करणाऱ्या माणसानं हे वाक्य गमतीत घ्यायचं नसतं. दहा मिनिटांत कागद तयार झाला. अर्जदारानं नव्वद दिवसांच्या आत धरणापर्यंत सायकलनं जाऊन परत यावं. पुरावा आवश्यक. तसं न झाल्यास सायकल आणि माळ्यावरच्या समस्त वस्तू भंगारवाल्यास देण्यात येतील, आणि अर्जदार यापुढे या घरात कोणतीही नवी गोष्ट सुरू करणार नाही. खाली दोघांच्या सह्या. कागद फ्रिजच्या दारावर लागला.

शेवटचं कलम साहेबांनी रात्री पाणी प्यायला उठल्यावर पुन्हा वाचलं. चौपन्नाव्या वर्षी माणसाला नवं काही सुरूच करायची बंदी झाली, तर मग उरलं काय? आपल्याही हातून एखादी गोष्ट एकदा तरी तडीस जावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्या माळ्याची बाईंपेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटायची. पण हे बोलायचं कुणाजवळ, म्हणून ते पाणी पिऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते सायकलच्या दुकानात गेले. त्यांना दारात पाहताच सायकलवाला उभा राहिला आणि त्यानं ड्रॉवरमधून चाकातली हवा मोजायचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

"काटा नाही साहेब आमच्याकडे. हे एवढंच आहे. गेल्याच वर्षी घेतलंय, नवं आहे."

"मी सायकल बघायला आलोय."

"बघा ना साहेब. सगळा माल पावतीचा आहे."

"विकत घ्यायला आलोय."

सायकलवाल्याला हे पटायला बराच वेळ लागला, आणि पुरतं तर पटलं नाहीच. तरी माणूस जाणता होता. त्यानं बारीक चाकांच्या, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल असलेल्या सायकली दाखवल्या, त्यांचे गिअर दाखवले, आणि पहिलीच सायकल असेल तर सरळ हँडलचीही बरी पडते, असं सुचवून पाहिलं. साहेबांची नजर वळलेल्या हँडलावरून हलेना, तेव्हा तो म्हणाला, "हरकत नाही. पण साहेब, रंग, कंपनी, गिअर हे सगळं नंतर. सगळ्यात आधी माप. पायाची आतली लांबी, जांघेपासून टाचेपर्यंत. त्यावर फ्रेम ठरते. फ्रेम चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. मी घेऊ का माप?"

साहेब हसले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असं हसायची वेळ फार क्वचित येते.

"मापाची काळजी तुम्ही करू नका," ते म्हणाले.

खात्याचा एक नियम आहे, आणि तो साहेबांच्या रक्तात भिनला होता. ज्याचा काटा, त्यानं तो स्वतः तपासायचा नाही, आणि ज्याचा त्यात फायदा त्यानंही नाही. म्हणजे आपली टांग आपण मोजायची नाही. सायकलवाला विकणारा, म्हणून बाद. बाईंचं तर या प्रकरणात उघड हितच गुंतलेलं. उरला त्रयस्थ, जाणकार आणि मोजमापात हयात घालवलेला एकच माणूस, तो म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. वीस वर्षं साहेबांच्या विजारी तोच शिवत होता.

साहेब कचेरीतली पोलादी प्रमाणपट्टी पिशवीत घालून त्याच्याकडे गेले. आधी त्यांनी शिंप्याची टेप त्या पट्टीशेजारी ताणून ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवून इंच इंच पडताळून पाहिली. टेप एका रेघेनंही चुकीची नव्हती. शिंप्यानं एवढा वेळ श्वास धरून ठेवला होता, तो सोडला. मग त्यानं साहेबांची टांग मोजली आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, "बत्तीस."

साहेबांनी "बत्तीस" असं डायरीत लिहिलं, तारीख घातली, टेप तपासल्याची नोंद केली. त्यांनी टेप तपासली होती. शिंपी तपासला नव्हता.

सायकलवाल्यानं बत्तीस हा आकडा ऐकला, मग साहेबांना डोक्यापासून बुटापर्यंत एकदा न्याहाळलं आणि तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं. "बत्तीस म्हणता तर बत्तीस," असं म्हणून त्यानं त्या मापाची सायकल मागवली. ती यायला चार आठवडे लागले. नव्वदातले चार आठवडे, फ्रिजवरच्या कागदासमोरून रोज येता-जाता.

सायकल आली ती निळीशार. तिच्याबरोबर हेल्मेट, हातमोजे, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान आणि आत गादी असलेली घट्ट काळी चड्डी. ही चड्डी घेताना साहेब दुकानात कुणी ओळखीचं नाही ना, हे दोनदा पाहून आले होते.

सायकल इमारतीच्या दारात पोचली, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले. काकांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली होती. त्यांनी हात मागे बांधून सायकलीला एक प्रदक्षिणा घातली.

"स्टँड कुठाय?"

"या सायकलींना नसतो," साहेब म्हणाले.

"चेनकव्हर?"

"नसतं."

"मडगार्ड? कॅरिअर? घंटी?"

"नसतात."

"मग घेतलंत काय?" काकांनी मनापासून विचारलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. लिफ्टमधून वाहन न्यायला मनाई आहे, हे त्यांनी सांगितलं. मग सायकल पार्किंगमध्ये ठेवतो, असं साहेब म्हणाले. पार्किंगमध्ये ठेवायचं तर वाहनाचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ते वाहन नव्हे. मग वाहन नसेल तर लिफ्टमधून न्यायला काय हरकत आहे, असं साहेबांनी विचारलं. सेक्रेटरींना हे बिनतोड वाटलं आणि म्हणूनच आवडलं नाही. अखेर अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर साहेबांनी फर्निचर वर नेण्याचा अर्ज भरला. वस्तूचं वर्णन या रकान्यात 'निळी सायकल, एक नग' असं लिहिलं, आणि सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी राहून एखाद्या कपाटाच्या थाटात तिसऱ्या मजल्यावर गेली.

पहिल्या सकाळी साहेब निघाले. रस्त्यावर पन्नास पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हँडल फार लांब आहे. हात पुरत होते, पण साहेबांनाही हातांबरोबर पुढे जावं लागत होतं. त्यांना वाटलं असंच असेल. चित्रातले सायकलपटू असेच आडवे झालेले असतात. पाठ दुखली, ती नवेपणाची. मान अवघडली, ती वयाची. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "नवी सायकल नव्या बुटासारखी असते. चावते. महिनाभरात सैल होईल." काकांचा चौतीस वर्षांचा अनुभव पाहता साहेबांनी वाट पाहायची ठरवली.

खरी अडचण थांबण्यात होती. अशी सायकल थांबवायची, तर सीटवरून पुढे उतरून मधली दांडी दोन पायांत घेऊन उभं राहायचं. साहेब उतरायचे, पण जमीन त्यांच्या टाचांना भेटायच्या आत दांडी त्यांना भेटायची. हा अनुभव कोणत्या शब्दांत सांगावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. ते फक्त सिग्नल टाळायला लागले. हिरवा दिवा लागेपर्यंत ते चौकाच्या अलीकडे गोल गोल फिरत.

एका सकाळी गोल फिरायला जागा नव्हती. साहेब थांबले, चवड्यांवर उभे राहायला गेले, आणि सायकलीसकट सावकाश डाव्या बाजूला आडवे झाले. समोर भाजीवाला होता. मागच्याच आठवड्यात साहेबांनी त्याच्या काट्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा पकडून त्याला नोटीस दिली होती. भाजीवाल्यानं त्यांना हाताला धरून उठवलं, हेल्मेट सरळ केलं, कोपराला लागलेली माती झटकली.

"साहेब, तुमचा तोल एका बाजूला जातोय," तो अदबीनं म्हणाला. "तपासून घ्या एकदा."

साहेबांनी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत नेली. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी कोपराला औषध लावलं, आणि माळ्याकडे पाहणं टाळलं. हे टाळणं साहेबांना पाहण्याहून जास्त लागलं.

दुखणं एकटं आलं नव्हतं. गादीवाली चड्डी कमरेला घट्ट होत होती, म्हणून साहेबांनी ती शिंप्याकडे दिली. परत आणून घालून निघाले, तर सीट दगडाची झालेली. दहा मिनिटांत साहेब पेडलवर उभे राहून घरी आले आणि तसेच शिंप्याकडे गेले.

"कमर सैल केली ना," शिंपी म्हणाला. "आणि आत कुणीतरी अख्खी गादी शिवून ठेवली होती साहेब. कंपनीचा घोटाळा दिसतो. ती उसवून काढली. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले."

साहेबांनी गादी मागून घेतली आणि खिशात घालून आले.

असे पन्नास दिवस संपले. साहेबांचा सर्वांत लांबचा पल्ला होता सात किलोमीटर, आणि त्यात परत येताना टेम्पो केला होता. धरण चाळीस किलोमीटरचं, जाऊन-येऊन. लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, आणि घरची बातमी तिला आईकडून पोचत असे. "बाबा, नाही जमलं तर राहू दे," ती म्हणाली. ती मायेनंच म्हणाली होती. पण फोन ठेवल्यावर साहेब गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि त्यांना कळलं, की घरातल्या दोघीही त्यांना आधीच माफ करून बसल्या आहेत. माफी इतकी वाईट लागू शकते, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या रविवारी बाई इस्त्री करत होत्या. साहेबांची विजार पालथी घालून त्यांनी पायाच्या खालच्या कडेवर, मोहरीवर इस्त्री फिरवली, थांबल्या, आणि ती मोहरी दोन बोटांत धरून चाचपली.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडे या जरा."

साहेब आले. बाईंनी मोहरीची आतली दुमड उलगडून दाखवली. दोन इंचांची होती. त्यांनी दुसरी विजार घेतली. तिच्यातही दोन इंच. कपाट उघडून वीस वर्षांतल्या जेवढ्या विजारी होत्या तेवढ्या पलंगावर मांडल्या. प्रत्येकीच्या आत, दोन्ही पायांना, इमानेइतबारे दुमडलेलं दोन इंच कापड होतं.

दोघं शिंप्याकडे गेले. शिंप्यानं काही लपवलं नाही, उलट त्याला अभिमानच वाटला.

"माया ठेवतोच मी साहेब," तो म्हणाला. शिवणीत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. "कापड धुतल्यावर आटतं. माणूस बदलतो. तीस भरलं की मी बत्तीस सांगतो, वहीतही बत्तीसच लिहितो. माझ्या वडिलांनी तसंच शिकवलं."

"पण मी सायकलसाठी मोजायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"सायकलीचं काय ते मला कसं कळणार? टांग तुमची होती."

घरी येईपर्यंत साहेब मनात तेच घोळवत होते. गल्लोगल्ली मापात मारणाऱ्यांना पकडणारा माणूस वीस वर्षं स्वतःच्या दोन्ही पायांत दोन-दोन इंच जास्तीचे घेऊन हिंडत होता. हे खात्यात कळलं असतं, तर निवृत्तीच्या भाषणात आलं असतं.

बाईंनी मात्र वेळ घालवला नाही. आतल्या खोलीतल्या भिंतीपाशी त्यांनी साहेबांना अनवाणी, पाठ टेकवून उभं केलं. शाळेचं जाड पुठ्ठ्याचं हजेरीपत्रक त्यांच्या दोन्ही पायांमध्ये धरून वरपर्यंत सरकवलं आणि पुठ्ठ्याच्या कडेवर भिंतीला पेन्सिलनं रेघ मारली. त्या भिंतीवर लेकीच्या उंचीच्या रेघा होत्या, दर वर्षीची एक. साहेबांची रेघ नेमकी लेकीच्या पहिल्या वर्षाच्या रेघेशी जुळली. तीस इंच.

"तुमचं हित गुंतलेलं होतं यात," साहेब पुटपुटले.

"गुंतलेलंच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून नीट मोजलं."

सायकलवाल्याकडे जाताना साहेबांनी मनात एक भाषण तयार केलं. चूक आपली आहे, पदाचा दबाव आणायचा नाही, कुणा गरजूला सायकल देऊन टाकू, वगैरे. ते भाषण पहिल्याच वाक्याला थांबलं, कारण सायकलवाला हसत होता.

"मला तेव्हाच मोठी वाटली होती साहेब. पण म्हटलं, मापं तपासणाऱ्या साहेबांना त्यांचं माप चुकलंय हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटलं तुम्ही माझीच परीक्षा बघताय."

"आता काही करता येईल का? नियमात बसत असेल तरच सांगा."

सायकलवाल्यानं साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हातभर पाटी होती. माप चुकल्यास महिन्याभरात सायकल बदलून मिळेल. साहेब त्या पाटीकडे पाठ करून त्या दुकानात चारदा उभे राहिले होते. महिना भरायला चार दिवस बाकी होते.

नवी सायकल निळीच होती, पण दोन नंबर लहान. तिच्यावर बसल्यावर हँडल आपणहून हातात आलं. थांबून पुढे उतरल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागले आणि दांडीनं काही म्हटलं नाही. सायकलवाल्यानं फ्रेमच्या पोटाखाली कोरलेला क्रमांक पावतीवर उतरवला आणि म्हणाला, "हा लिहून ठेवा साहेब. उद्या सायकल हरवली तर हाच विचारतात." साहेबांना लिहून ठेवायची गरज नव्हती. काट्यांवरचे नऊ-नऊ आकडी क्रमांक वाचण्यात त्यांची हयात गेली होती. तो त्यांना तिथेच पाठ झाला.

उरले पस्तीस दिवस. साहेब रोज पहाटे उठू लागले. सातचे बारा झाले, बाराचे वीस झाले. शिंप्यानं चड्डीत गादी परत शिवून दिली, आणि सवयीप्रमाणे थोडी जास्त घातली. पंक्चर काढायचं साहेबांनी काकांसमोर बसून शिकून घेतलं. काकांचा जुना पंप नव्या चाकाच्या बारीक तोंडाला बसेना, तेव्हा काकांनी त्या चाकाला चार शब्द सुनावले, आणि मग सायकलवाल्याकडून छोटा पंप आणवला. काका आता सायकलीला 'आपली' म्हणू लागले होते.

शेवटच्या रविवारी, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, साहेब निघाले. बाईंनी बाटली भरून दिली आणि एवढंच म्हणाल्या, "पुरावा."

अकराव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. साहेबांनी सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूब काढली, भोक शोधलं. एक कुत्रा येऊन शेजारी बसला आणि शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहत राहिला. या कामाला सायकलवाल्याला सात मिनिटं लागतात. साहेबांना पन्नास लागली. पण हवा भरून झाल्यावर ती भरलेली राहिली, आणि कुत्रा तपासणी संपल्यासारखा उठून गेला.

धरणाआधी दोन किलोमीटरचा चढ होता. अर्ध्या चढावर साहेबांचे पाय त्यांना उत्तर देईनात. मागून तो रविवारचा जथा आला आणि एकेक जण पुढे गेला. सगळ्यात शेवटी पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. ते क्षणभर साहेबांच्या बरोबरीनं आले, साहेबांकडे आणि सायकलीकडे पाहिलं.

"सीट अगदी बरोबर लावलीय तुम्ही," ते म्हणाले. "फार थोड्यांची असते." आणि पुढे गेले.

उरलेला चढ साहेब कसे चढले, ते त्यांना नीट आठवत नाही. पाय दुखत होते हे खरं, पण ते हसत होते हेही खरं.

धरणाच्या फाटकाशी चौकीदार होता आणि त्याच्यापुढे नोंदवही. साहेबांना नेमकी हीच हवी होती. नाव, वेळ, सही. मग चौकीदारानं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वाहन क्रमांक."

"सायकल आहे."

"नंबर नसेल तर 'पायी' लिहा."

"पायी नाही आलो मी."

"रकाना मोकळा ठेवता येत नाही साहेब. वरून तपासणी असते."

साहेबांना राग यायला हवा होता. आला नाही. हेच वाक्य ते अठ्ठावीस वर्षं, याच शांत आवाजात, लोकांना ऐकवत आले होते. पण 'पायी' असं लिहिलं, तर नव्वद दिवसांचा पुरावा त्यांच्याच अक्षरात त्यांच्या विरुद्ध साक्ष देणार, आणि फ्रिजवरचा कागद जिंकणार. ते उन्हात उभे राहिले. आणि मग त्यांना आठवलं.

त्यांनी वही ओढून घेतली आणि वाहन क्रमांकाच्या रकान्यात, एका दमात, नऊ आकडे लिहिले.

"हा कसला नंबर?" चौकीदारानं विचारलं.

"फ्रेमचा. पडताळून बघा."

चौकीदारही आपल्या कामाचा पक्का होता. दोघांनी मिळून सायकल उलटी केली. तो वाकून एकेक आकडा वाचायचा आणि साहेब वहीवर बोट ठेवून हुंकार द्यायचे. सहाव्या आकड्याशी तो अडला.

"हा पुसट आहे. तीन की आठ?"

"आठ. डाव्या बाजूची गोलाई बघा."

त्यानं पाहिली. आठच होता. चौकीदारानं समाधानानं शिक्का मारला. असा शिक्का मारून घेण्यात केवढं सुख असतं, हे साहेबांना आयुष्यात प्रथमच कळलं. त्यांनी फोनवर नोंदीचा फोटो काढला आणि परतीची वाट धरली.

इमारतीच्या दारात काका उभे होते, आणि रविवार असूनही सेक्रेटरी. धुळीनं माखलेल्या साहेबांकडे पाहून सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "फर्निचरचा नवा अर्ज देऊ का? तो जुना मोठ्या सायकलीचा होता."

"नको," साहेब म्हणाले. "आजपासून हे वाहन आहे. धरणाच्या वहीत तशी नोंद आहे." आणि सायकल खांद्यावर घेऊन ते तीन मजले जिन्यानं चढले. काका खालून बघत होते, त्यामुळे थांबायची सोय नव्हती.

बाईंनी फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. वेळ, सही, शिक्का, क्रमांक. पावती आणून क्रमांक पावतीशी ताडून पाहिला. मग फ्रिजवरचा कागद काढला, पर्समधलं लाल पेन उघडलं आणि आडवं लिहिलं, 'पाहिले. पूर्ण.' खाली सही केली. साहेबांना शाळेत असा शेरा कधीच मिळाला नव्हता. ते तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेले.

आतल्या खोलीत ते थबकले. भिंतीवर त्यांच्या तीस इंचांच्या रेघेखाली, बरोबर दोन बोटं अंतरावर, आणखी एक ताजी रेघ होती. शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात तारीख होती, आजचीच.

"हजेरीपत्रक कुणी धरलं?" त्यांनी विचारलं.

"काकूंनी. काकांच्या," बाई दारातून म्हणाल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही. "निळी नको मला. आणि शिंप्याला विचारायचं नाही."

साहेबांचा हात सवयीनं टेबलाच्या खणाकडे गेला. पोलादी पट्टी तिथेच होती. त्यांनी खण अर्धा उघडला, क्षणभर विचार केला आणि तो तसाच बंद केला. कुणाचं माप न तपासता मान्य करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मग त्यांनी सायकलवाल्याला फोन लावला.